टेलिफोटो भिंगातील ऑटोफोकसचे दोष व त्यांचे निवारण

टेलिफोटो भिंगातील ऑटोफोकसचे दोष म्हणजे लांब नाभीय अंतराचे भिंग वापरताना कॅमेऱ्याला विषयावर आपोआप फोकस न साधणे, साधलेला फोकस न टिकणे किंवा तो विषयाच्या पुढे अथवा मागे साधला जाणे होय. ३०० मिलिमीटर व त्याहून अधिक नाभीय अंतराच्या भिंगांमध्ये ही अडचण विशेषत्वाने जाणवते. पक्षी, वन्यप्राणी, मैदानी खेळ आणि विमाने यांच्या छायाचित्रणात अशी भिंगे वापरली जातात.

अशा वेळी दोष भिंगात आहे असा समज प्रथम होतो. प्रत्यक्षात मात्र भिंगावरील एखादी कळ, फोकसची चुकीची निवडलेली पद्धत, मंद शटर, तापलेली हवा किंवा विषयाचे स्वरूप ही कारणे पुष्कळदा आढळतात. त्यामुळे दोष कोठे आहे याचा क्रमाने शोध घेणे हे दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे ठरते. निदान चुकल्यास निर्दोष भिंग दुरुस्तीस पाठवले जाते, किंवा सदोष भिंगाची हमीची मुदत निघून जाते.

पार्श्वभूमी

ऑटोफोकसची सोय असलेला आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला कॅमेरा कोनिका सी३५ एएफ हा होय. तो १९७७ मध्ये बाजारात आला. १९८१ मध्ये पेंटॅक्स कंपनीने एमई-एफ हा एसएलआर प्रकारातील कॅमेरा आणला. त्यात भिंगातून आलेल्या प्रकाशावरूनच फोकस ठरवला जाई. १९८५ मधील मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा संवेदक आणि भिंग फिरवणारी मोटर हे दोन्ही कॅमेऱ्यातच बसवलेले होते. या कॅमेऱ्याच्या यशानंतर इतर कंपन्याही या पद्धतीकडे वळल्या.

१९८७ मध्ये कॅनन कंपनीने ईओएस मालिका सुरू करताना वेगळी दिशा स्वीकारली. तिने प्रत्येक भिंगात स्वतंत्र मोटर बसवली आणि कॅमेरा व भिंग यांच्यातील यांत्रिक दुवा काढून केवळ विद्युत संपर्क ठेवला. त्याच वर्षी तिच्या ३०० मिलिमीटर एफ/२.८ भिंगात श्राव्यातीत कंपनांवर चालणारी मोटर वापरण्यात आली. लांब भिंगातील काचा जड असतात, त्यामुळे त्या जलद व निःशब्दपणे हलवण्यासाठी ही मोटर उपयुक्त ठरली. निकॉनने १९५९ पासूनची एफ जोडणी कायम ठेवून आरंभी कॅमेऱ्यातील मोटर वापरली आणि पुढे भिंगातील मोटरचा अवलंब केला. या इतिहासाचा परिणाम आजही दिसतो. जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसते, पण त्याचा ऑटोफोकस चालतोच असे नाही.

२०१८ मध्ये कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्यांनी मोठ्या संवेदकाच्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका आणल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत प्राण्यांचा व पक्ष्यांचा डोळा ओळखणारे कॅमेरेही प्रचारात आले. त्यामुळे काही जुने दोष मावळले, तर काही नवे उद्भवले.

ऑटोफोकसची कार्यपद्धती

ऑटोफोकसच्या दोन पद्धती प्रमुख आहेत.

फेज डिटेक्शन पद्धतीत भिंगाच्या दोन विरुद्ध कडांकडून आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा तयार केल्या जातात आणि त्यांच्यातील अंतर मोजले जाते. विषय फोकसमध्ये असेल तर हे अंतर अपेक्षेप्रमाणे असते. नसेल तर ते कमी किंवा जास्त भरते. त्यावरून भिंगाने कोणत्या दिशेने व किती सरकायचे हे कॅमेऱ्याला एकाच मोजणीत कळते. म्हणून ही पद्धत जलद आहे आणि धावत्या विषयाला सोयीची आहे.

कॉन्ट्रास्ट डिटेक्शन पद्धतीत कॅमेरा भिंग थोडे थोडे सरकवतो आणि प्रतिमेतील छायाप्रकाशाचा फरक कोठे सर्वाधिक होतो ते पाहतो. तो सर्वाधिक झाला हे कळण्यासाठी कॅमेऱ्याला ते ठिकाण ओलांडून पुन्हा मागे यावे लागते. म्हणून ही पद्धत अचूक असली तरी संथ आहे.

आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात फेज डिटेक्शनचा संवेदक कॅमेऱ्याच्या तळाशी स्वतंत्र बसवलेला असतो. मुख्य आरशामागील लहान आरसा त्याच्याकडे प्रकाश वळवतो. हा मार्ग आणि छायाचित्र टिपणाऱ्या मुख्य संवेदकापर्यंतचा मार्ग यांत किंचितही तफावत असली, तर कॅमेऱ्याच्या मते अचूक असलेला फोकस छायाचित्रात पुढे वा मागे पडतो. मिररलेस कॅमेऱ्यात ही मोजणी मुख्य संवेदकावरच होत असल्याने या प्रकारची तफावत जवळजवळ उद्भवत नाही.

दोन्ही पद्धतींना एक गोष्ट समान लागते. विषयावर काही रेषा, पोत किंवा छटांचा फरक असावा लागतो. कोऱ्या भिंतीवर किंवा निरभ्र आकाशावर कोणताही कॅमेरा फोकस साधू शकत नाही.

लांब भिंगात अडचण का वाढते

लांब भिंगात ऑटोफोकस चुकण्याची मूळ कारणे प्रकाशशास्त्रीय आहेत.

पहिले कारण म्हणजे स्पष्टतेच्या खोलीचा अभाव. ज्या अंतराच्या पट्ट्यातील वस्तू छायाचित्रात स्पष्ट दिसतात, त्या पट्ट्याला स्पष्टतेची खोली म्हणतात. ३६ × २४ मिलिमीटर आकाराचा संवेदक आणि ०.०३ मिलिमीटर व्यासाचे ग्राह्य धूसर वर्तुळ गृहीत धरल्यास पुढील आकडे मिळतात. ५० मिलिमीटरच्या भिंगाने, एफ/५.६ या अ‍ॅपर्चरवर, १० मीटर अंतरावरील विषयावर फोकस केला तर सुमारे ६ मीटरपासून ३० मीटरपर्यंतचे सर्व काही स्पष्ट येते. तेच अंतर व तेच अ‍ॅपर्चर ठेवून ४०० मिलिमीटरचे भिंग लावले तर हा पट्टा केवळ २१ सेंटिमीटर उरतो. ६०० मिलिमीटर एफ/४ भिंगाने १० मीटरवरील पक्षी टिपताना तो साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास येतो. अशा वेळी पक्ष्याच्या छातीवर फोकस असेल तर चोच व डोळा धूसर दिसू शकतात. जी चूक लहान भिंगात झाकली जाते, ती लांब भिंगात उघडी पडते.

दुसरे कारण म्हणजे अरुंद दृश्यकोन. ४०० मिलिमीटरच्या भिंगाचा आडवा दृश्यकोन सुमारे ५ अंश असतो. २० मीटर अंतरावर त्यात केवळ १.८ मीटर रुंदीचे दृश्य मावते. हाताच्या किंचित हालचालीनेही फोकसचा बिंदू पक्ष्यावरून घसरून पार्श्वभूमीवर जातो आणि कॅमेरा त्या पार्श्वभूमीवर निष्ठेने फोकस साधतो.

तिसरे कारण म्हणजे कंपनाचे वर्धन. भिंग जितके दूरचे दृश्य जवळ आणते, तितकेच ते हाताचे कंपनही मोठे करून दाखवते.

चौथे कारण म्हणजे मधल्या हवेचा थर. विषय दूर असल्याने प्रकाश हवेच्या मोठ्या थरातून येतो. त्या थरातील उष्णता, धूळ व धुके यांचा परिणाम प्रतिमेवर होतो.

दोषाची ओळख

उपाय योजण्यापूर्वी धूसरपणा कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखावे लागते. त्यासाठी छायाचित्र पूर्ण आकारात मोठे करून पाहावे आणि पुढील लक्षणे तपासावीत.

छायाचित्रात कोठेतरी, उदाहरणार्थ पक्ष्याच्या पुढील गवतात किंवा मागच्या फांदीवर, स्पष्टता असेल तर दोष फोकसचा आहे. स्पष्टता नेहमी पुढे किंवा नेहमी मागेच आढळत असेल तर मोजणीत तफावत असण्याची शक्यता आहे. ती कधी पुढे, कधी मागे असेल तर कारण बिंदूची निवड, विषयाची हालचाल किंवा अपुरा छटाभेद यांपैकी एक असते.

छायाचित्रात कोठेही स्पष्टता नसेल आणि प्रकाशाचे लहान ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील तर दोष कॅमेऱ्याच्या कंपनाचा आहे. पार्श्वभूमी स्पष्ट असून केवळ पंख किंवा पाय फरकटलेले असतील तर विषयाच्या हालचालीच्या मानाने शटर मंद आहे. या दोन्ही प्रकारांत ऑटोफोकसचा काहीही अपराध नसतो.

संपूर्ण दृश्य लहरी उठल्यासारखे, कडा वितळल्यासारख्या आणि लागोपाठच्या छायाचित्रांत वेगवेगळे दिसत असेल तर कारण तापलेली हवा हे होय.

दोषांचे प्रकार व निवारण

फोकस मुळीच न होणे

शटरचे बटण अर्धे दाबूनही भिंग हलत नसेल तर प्रथम भिंगावरील कळ पाहावी. पिशवीतून भिंग काढताना ती स्वयंचलित स्थितीवरून हस्तचालित स्थितीवर सरकणे ही नित्याची गोष्ट आहे. काही कॅमेऱ्यांवरही अशीच स्वतंत्र कळ असते. त्यानंतर फोकसचे काम कॅमेऱ्यामागील एखाद्या बटणाकडे सोपवले आहे का हे पाहावे. अनेक छायाचित्रकार अंगठ्याने फोकस व तर्जनीने शटर अशी विभागणी करतात. असा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती गेला की तो बिघडल्याचा भास होतो.

विषय भिंगाच्या किमान फोकस अंतरापेक्षा जवळ असला तरीही फोकस होत नाही. अनेक लांब भिंगांत हे अंतर २ ते ५ मीटर असते. अंगणातील जास्वंदीवर आलेला शिंजीर ६०० मिलिमीटरच्या भिंगाला फार जवळचा ठरू शकतो.

कॅमेरा व भिंग यांची जोडी सुसंगत आहे का हेही पाहावे. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही. त्यामुळे स्वतःची मोटर नसलेले जुने ८०–४०० मिलिमीटरचे एएफ-डी भिंग त्यांवर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. हा बिघाड नसून रचनेतील मर्यादा आहे. जुने भिंग विकत घेण्यापूर्वी ही गोष्ट तपासली नाही, तर पैसे वाया जातात.

याखेरीज भिंगाचे सोनेरी विद्युत संपर्क मळले असतील तर ते स्वच्छ, कोरड्या व मऊ कापडाने हलकेच पुसावेत. बॅटरी पूर्ण भारित असावी.

फोकस पुढे-मागे धावणे

भिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहते आणि कोठेच स्थिरावत नाही, या दोषाला छायाचित्रकार हंटिंग म्हणतात. सायंकाळचा मंद प्रकाश, धुके, एकरंगी विषय आणि विरुद्ध बाजूचा प्रखर उजेड ही त्याची कारणे आहेत. काळ्याभोर कोतवालाच्या अंगावर आणि उन्हातील पांढऱ्याशुभ्र बगळ्यावर पोत दिसत नाही, म्हणून तेथे फोकस अडखळतो. अशा वेळी पक्ष्याचा डोळा, चोच किंवा शरीराची कड यांसारखी छटाभेद असलेली जागा निवडावी.

लांब भिंगांवर बहुधा फोकसचा पल्ला मर्यादित करणारी कळ असते. तिने भिंगाला जवळचे अंतर शोधण्यापासून रोखता येते. विषय दूर असेल तर ही कळ वापरल्याने भिंगाचा निरर्थक प्रवास वाचतो. मात्र ती तशीच ठेवली आणि पक्षी जवळ येऊन बसला, तर फोकस होणार नाही.

फोकस फारच चुकलेला असेल तर प्रतिमा इतकी धूसर होते की कॅमेऱ्याला मोजण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी फोकसचे कडे हाताने फिरवून विषय अंदाजे स्पष्ट करावा आणि मग ऑटोफोकस सुरू करावा.

मिररलेस कॅमेऱ्यांत आणखी एक विशेष आढळतो. त्यांपैकी अनेकांचे संवेदक उभ्या रेषा चांगल्या ओळखतात, आडव्या रेषांवर मात्र चाचपडतात. विजेच्या तारेवर बसलेल्या वेड्या राघूऐवजी केवळ तारच बिंदूखाली आली तर फोकस होत नाही. कॅमेरा किंचित तिरका धरल्यास ही अडचण दूर होते.

फोकस पार्श्वभूमीवर किंवा पुढील फांदीवर जाणे

कॅमेऱ्याला सर्व बिंदूंतून निवडीची मोकळीक दिली तर तो बहुधा जवळच्या किंवा ठळक छटाभेदाच्या वस्तूची निवड करतो. दाट झाडीतील पक्ष्यासाठी एकच लहान बिंदू निवडावा आणि तो डोळ्यावर ठेवावा. उडत्या पक्ष्यासाठी मात्र एका बिंदूभोवतीचा लहान समूह सोयीचा असतो, कारण एकच बिंदू पक्ष्यावर टिकवणे कठीण असते. एसएलआर कॅमेऱ्यात बिंदूचे प्रत्यक्ष क्षेत्र चौकटीत दिसते त्याहून थोडे मोठे असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

डोळा ओळखणारे कॅमेरे हे काम पुष्कळसे स्वतः करतात. परंतु पानांतील कवडसा किंवा पिसांवरील गोल ठिपका त्यांना डोळा वाटू शकतो. गवताआडच्या विषयासाठी ही सोय तात्पुरती बंद करून लहान बिंदूकडे वळणे इष्ट ठरते.

फिरत्या विषयावर फोकस न टिकणे

फोकस एकदाच साधून थांबणारी पद्धत बसलेल्या पक्ष्यासाठी असते. हलत्या विषयासाठी सतत फोकस करणारी पद्धत निवडावी लागते. याचे कारण साध्या गणिताने स्पष्ट होते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने समोरून येणारा पक्षी एका सेकंदात १० मीटर अंतर कापतो. एसएलआर कॅमेऱ्यात बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत एक विसांश सेकंद गेला, तर तेवढ्यात तो अर्धा मीटर पुढे आलेला असतो. ६०० मिलिमीटर एफ/४ भिंगाची २० मीटरवरील स्पष्टतेची खोली सुमारे २७ सेंटिमीटरच आहे. म्हणजे कॅमेऱ्याने पक्षी आहे तेथे नव्हे, तर असेल तेथे फोकस साधला पाहिजे. सतत फोकस करणाऱ्या पद्धतीत कॅमेरा आधीच्या मोजण्यांवरून हे भाकीत करतो. त्याला काही मोजण्या मिळाव्यात म्हणून शटर दाबण्यापूर्वी थोडा वेळ विषयाचा मागोवा घेणे आवश्यक असते.

मध्येच एखादी फांदी आडवी आली की कॅमेऱ्याने लगेच तिच्याकडे वळावे की थांबावे, हेही ठरवता येते. मागोव्याची संवेदनशीलता कमी ठेवली तर कॅमेरा क्षणभर वाट पाहतो.

टेलिकन्व्हर्टरमुळे येणारे दोष

भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या टेलिकन्व्हर्टरने नाभीय अंतर वाढते, पण प्रकाश घटतो. १.४ पटीच्या टेलिकन्व्हर्टरने प्रकाश निम्मा होतो आणि २ पटीच्या टेलिकन्व्हर्टरने एक चतुर्थांश उरतो. एफ/५.६ चे भिंग अनुक्रमे एफ/८ व एफ/११ इतके होते. बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच विश्वासार्ह असतो. काहींचे मधले बिंदू एफ/८ पर्यंत चालतात. त्यामुळे टेलिकन्व्हर्टर लावताच ऑटोफोकस बंद पडला तर तो दोष मानू नये. मिररलेस कॅमेरे याहून लहान अ‍ॅपर्चरवरही फोकस साधतात, पण त्यांचा वेग मंदावतो. शंका असल्यास प्रथम टेलिकन्व्हर्टर काढून पाहावा.

फिल्टर व बुरशी

भिंगापुढील हलक्या प्रतीचा संरक्षक फिल्टर लहान भिंगात फारसा त्रास देत नाही, पण लांब भिंगात तो प्रतिमा मृदू करून फोकसची अचूकता बिघडवू शकतो. तपासणीच्या वेळी तो काढून ठेवावा. याउलट काही मोठ्या भिंगांच्या मागच्या बाजूस सरकवून बसवायचा फिल्टर हा भिंगाच्या रचनेचाच भाग असतो. तो काढू नये. एसएलआर कॅमेऱ्यावर रेषीय ध्रुवक फिल्टर वापरल्यास ऑटोफोकसची मोजणी चुकू शकते, म्हणून वर्तुळाकार ध्रुवक वापरतात.

कोकण, मुंबई व गोवा येथील पावसाळी दमट हवेत भिंगाच्या आतील काचांवर बुरशी वाढते. तिने प्रतिमेतील छटाभेद कमी होतो आणि त्याबरोबर ऑटोफोकसही अडखळू लागतो. भिंग ओलाव्यापासून दूर, सिलिका जेल ठेवलेल्या बंद डब्यात किंवा आर्द्रता नियंत्रित करणाऱ्या कपाटात ठेवावे. चामड्याच्या बंद पिशवीत ते महिनोन्महिने ठेवू नये.

तापलेली हवा

जमीन तापली की तिच्यालगतच्या हवेचे थर कमीअधिक घनतेचे होतात आणि त्यांतून येणारा प्रकाश वाकतो. मृगजळही याच कारणाने दिसते. लांब भिंगातून पाहताना हे थर थरथरत्या पाण्यासारखे भासतात. कॅमेऱ्याला प्रत्येक क्षणी वेगळी प्रतिमा मिळत असल्याने फोकस अस्थिर होतो, आणि तो अचूक साधला तरी छायाचित्र मृदूच येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्यासारख्या उघड्या माळरानावर किंवा उजनी जलाशयाच्या काठी, भिगवण परिसरात, ऊन चढल्यावर दूरच्या विषयाबाबत हा अनुभव येतो.

यावर यांत्रिक उपाय नाही. महागडे भिंग घेऊनही ही हवा ओलांडता येत नाही. सकाळी लवकर छायाचित्रण करणे आणि विषय जवळ येईपर्यंत थांबणे हेच मार्ग उरतात. मोटारीतून छायाचित्र घेताना इंजिन बंद ठेवावे आणि तापलेल्या बॉनेटवरून नेम धरू नये.

कंपन व कंपनरोधन

हातात धरलेल्या भिंगासाठी शटरचा काळ नाभीय अंतराच्या व्यस्तापेक्षा अधिक नसावा, असा जुना संकेत आहे. त्यानुसार ४०० मिलिमीटरसाठी किमान १/४०० सेकंद, आणि दीडपट लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर १/६०० सेकंद हवा. कंपनरोधनाची सोय असल्यास बसलेल्या पक्ष्यासाठी याहून मंद शटर चालते. पण उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागते, कारण कंपनरोधन पक्ष्याचे पंख थांबवू शकत नाही.

काही जुन्या भिंगांत ट्रायपॉडवर कंपनरोधन चालू ठेवल्यास त्याच्याच हालचालीने प्रतिमा बिघडते. अशा वेळी ते बंद करावे.

भिंगाची चाचणी

वरील सर्व कारणे दूर करूनही संशय उरला तर भिंगाची पद्धतशीर चाचणी घ्यावी.

१. कॅमेरा व भिंग भक्कम ट्रायपॉडवर बसवावे. शक्यतो सकाळी, सावलीत आणि भरपूर प्रकाशात चाचणी घ्यावी.
२. ठळक छापील मजकुराचा कागद भिंगाच्या समोर, काटकोनात लावावा. त्याच्या शेजारी एक पट्टी तिरकी ठेवावी. तिच्यावरून फोकस पुढे गेला की मागे हे कळते.
३. अंतर नाभीय अंतराच्या २५ ते ५० पट ठेवावे. ४०० मिलिमीटरसाठी ते १० ते २० मीटर होते.
४. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, फिल्टर व टेलिकन्व्हर्टर काढावेत आणि शटर टायमरने सोडावे.
५. प्रत्येक छायाचित्रापूर्वी फोकस हाताने बिघडवावा. एकदा जवळच्या बाजूला, एकदा दूरच्या. अशी किमान दहा छायाचित्रे घ्यावीत.
६. शेवटी पडद्यावर प्रतिमा मोठी करून हाताने अचूक फोकस करावा आणि तुलनेसाठी एक छायाचित्र घ्यावे.

हाताने घेतलेले छायाचित्र स्पष्ट असून ऑटोफोकसची सर्व छायाचित्रे एकाच दिशेने चुकलेली असतील, तर मोजणीत तफावत आहे. ऑटोफोकसची छायाचित्रे अनियमितपणे चुकत असतील, तर फोकसच्या यंत्रणेत झीज किंवा बिघाड असू शकतो. हाताने घेतलेले छायाचित्रही मृदू असेल, तर दोष ऑटोफोकसचा नसून काचांचा, ट्रायपॉडच्या कंपनाचा किंवा हवेचा आहे.

सूक्ष्म समायोजन

एसएलआर कॅमेऱ्यांच्या वरच्या श्रेणींत मोजणीतील तफावत भरून काढण्याची सोय असते. तीत बहुधा उणे २० ते अधिक २० या दरम्यानचा आकडा निवडून फोकस पुढे-मागे सरकवता येतो आणि कॅमेरा तो आकडा त्या भिंगापुरता लक्षात ठेवतो. एका वेळी थोडा बदल करून चाचणी पुन्हा घ्यावी. झूम भिंगाची चाचणी दोन्ही टोकांना घ्यावी लागते. टेलिकन्व्हर्टर लावल्यावर योग्य आकडा बदलू शकतो. सिग्मा व टॅमरॉन या कंपन्यांनी आपल्या काही भिंगांसाठी संगणकाला जोडायचे उपकरणही उपलब्ध केले आहे. त्याने वेगवेगळ्या अंतरांसाठी स्वतंत्र समायोजन करता येते.

एका-दोन छायाचित्रांवरून समायोजन करणे हे या सोयीचे नित्याचे चुकीचे उपयोजन होय. मंद शटरने आलेला धूसरपणा समायोजनाने दुरुस्त करू गेल्यास पूर्वी नसलेला दोष निर्माण होतो. असा घोळ झाला असेल तर सर्व आकडे शून्यावर आणून चाचणी नव्याने सुरू करावी.

दुरुस्तीची गरज

भिंगातून खरवडल्यासारखा आवाज येणे, फोकसचे कडे एखाद्या ठिकाणी अडकणे, कॅमेऱ्यावर संपर्काचा दोष वारंवार दर्शवला जाणे, छायाचित्राची एकच बाजू नेहमी धूसर येणे आणि भिंग पडल्यानंतर फोकस बिघडणे ही दुरुस्तीची लक्षणे आहेत. शक्य असल्यास तेच भिंग दुसऱ्या कॅमेऱ्यावर आणि दुसरे भिंग त्याच कॅमेऱ्यावर लावून पाहावे. दोष भिंगाबरोबर जातो की कॅमेऱ्याबरोबर राहतो, यावरून काय दुरुस्तीस पाठवायचे ते ठरते. चाचणीची मूळ छायाचित्रे सोबत पाठवल्यास तंत्रज्ञाला दोष शोधणे सोपे जाते.

वन्यजीवांच्या दृष्टीने महत्त्व

लांब भिंगाचा हेतू छायाचित्रकाराने दूर राहावे हाच आहे. फोकस साधत नाही म्हणून पुढे सरकत जाणे, घरट्याभोवतीच्या फांद्या बाजूला करणे किंवा पक्षी पुन्हा उडावा म्हणून त्याला हुसकावणे यांमुळे विणीच्या काळात आईबाप घरटे सोडून जाण्याचा धोका असतो. अंडी व पिले तेवढ्या वेळात उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवान्याची तरतूदही याच अधिनियमात आहे.

म्हणूनच भिंगाची चाचणी जंगलात न घेता घरी घ्यावी. गच्चीवरून दिसणारी पाण्याची टाकी, समोरच्या इमारतीवरील पाटी किंवा घिरट्या घालणारी घार यांवर कॅमेऱ्याच्या सर्व कळांचा सराव करता येतो. गच्चीवर चुकलेले छायाचित्र पुन्हा घेता येते. घरटे सोडून उडालेला पक्षी मात्र परत येईलच असे नाही.